व्होकूलरची झान
(काउंटेस द्यू बारी हिचें चरित्र)

फ्रान्स देशाच्या ईशान्य भागांत, म्यूझ नदीच्या कांठीं, व्होकूलर नांवाचा एक लहानसा गांव आहे. संत जोन ऑफ आर्क हिच्या चरित्रामुळें हें नांव कॅथलिक वाचकांस परिचयाचें आहे. सन १४२८ मध्यें ती शेतकऱ्याची मुलगी याच गांवच्या किल्लेदाराच्या दारीं उभी राहिली, हंसण्यावारी नेली गेली, पुन्हां आली, आणि अखेर १४२९ च्या फेब्रुवारींत याच गांवाच्या वेशींतून आपल्या राजाच्या भेटीस निघाली. त्यानंतर तीन शतकांहून कांहीं अधिक वर्षें लोटल्यावर, ता. १९ ऑगस्ट १७४३ रोजीं, त्याच गांवांत आणखी एक झान जन्मास आली. तीहि गरिबाघरची. तिचीहि वाट पुढें राजाकडेच गेली. परंतु त्या दोन वाटांत जें अंतर आहे तें मोजण्यास मैल किंवा वर्षें पुरणार नाहींत.

या दुसऱ्या झानला जग काउंटेस द्यू बारी या नांवानें ओळखतें. पंधराव्या लुई राजाची शेवटची प्रिया, सौंदर्याची पुतळी, उधळपट्टीचें मूर्तिमंत रूप, अशी तिची ख्याति आहे. ती खोटी नाहीं. मग देवळाच्या महोत्सवाच्या या पुस्तिकेंत, जेथें संतांचीं व धर्मगुरूंचीं चरित्रें शोभावीं, तेथें हिचें काय काम, असा प्रश्न कोणी करील. त्यास उत्तर इतकेंच कीं, बाप्तिस्म्याच्या पाण्यानें न्हालेला आत्मा हा शेवटच्या श्वासापर्यंत आपल्याच घरचा असतो. आणि या स्त्रीच्या आयुष्यांत मठ, पवित्र संस्कार व पश्चात्ताप यांचा संबंध जितक्या वेळां आला, तितका पुष्कळ सज्जनांच्या आयुष्यांतहि येत नाहीं.

तिची आई आन बेक्यू ही शिवणकाम करून पोट भरी. ती दिसावयास देखणी होती आणि अविवाहित होती. बाप्तिस्म्याच्या नोंदवहींत मुलीच्या बापाचें नांव नाहीं. अशा मुलीला त्या काळच्या समाजांत काय भोगावें लागे हें सांगावयास नको. मूल चार वर्षांचें होण्याच्या सुमारास आई तिला घेऊन पॅरिस शहरांत आली. तेथें सैन्याला रसद पुरविणाऱ्या एका श्रीमंत गृहस्थाच्या आश्रयास ती राहिली व पुढें निकोला रांसों नांवाच्या मनुष्याशीं तिचें लग्न झालें. मुलीची हुशारी पाहून तिला सेंत-ओर येथील मठांत शिकावयास ठेवण्यांत आलें.

हा मठ मोठ्या घराण्यांतील मुलींचा नव्हे. ज्या मुलींस गरिबीमुळें वाकडी वाट धरण्याचें भय, त्यांना सांभाळण्यासाठींच तो स्थापिलेला होता. तेथील संन्यासिनी येशूच्या पवित्र हृदयाच्या भक्त होत्या. शिस्त कडक होती. पोषाख जाडाभरडा, केस कपाळावर येऊं न देतां घट्ट बांधलेले, मोठ्यानें हंसण्यास मनाई. याच ठिकाणीं झान वाचावयास, लिहावयास, चित्रें काढावयास, भरतकाम करावयास आणि प्रार्थना करावयास शिकली. सुमारें नऊ वर्षें ती तेथें होती. पुढें दरबारांत तिची सौम्य वाणी व मर्यादशील वागणूक पाहून लोक चकित होत. ही संपत्ति तिला कोणत्याहि सरदारानें दिलेली नव्हती, ती सेंत-ओरच्या माद्रींची देणगी होती. पंधराव्या वर्षीं मठाचें दार मागें बंद झालें, आणि पुढें कोणतेंहि दार तिच्यासाठीं उघडें नव्हतें. हुंडा नाहीं, बापाचें नांव नाहीं, रूप मात्र असें कीं रस्त्यानें जातांना माणसें वळून पाहत. मठांनीं मुलींस वाढवावें, पण पंधराव्या वर्षापुढें त्यांचें काय करावें याचा विचार कोणीच करूं नये, ही त्या काळची मोठी उणीव होती. आजहि ती सर्वत्र भरून निघाली आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

तिनें प्रथम एका केशभूषाकाराकडे काम केलें, मग एका श्रीमंत विधवेच्या घरीं सोबतीण म्हणून ती राहिली, आणि पुढें लाबीय नांवाच्या व्यापाऱ्याच्या दुकानांत फिती, टोप्या व झालरी विकूं लागली. या लाबीयची धाकटी मुलगी आदेलाईद पुढें नामांकित चित्रकर्ती झाली. दुकानांत येणाऱ्या गिऱ्हाइकांची नजर मालावर कमी आणि विकणारीवर अधिक असे. सन १७६३ च्या सुमारास झां-बातीस्त द्यू बारी नांवाच्या एका कर्जबाजारी सरदाराच्या जाळ्यांत ती सांपडली. हा मनुष्य जुगार खेळे, आणि सुंदर स्त्रियांच्या ओळखी मोठ्या लोकांना करून देऊन आपला स्वार्थ साधी. त्या पांच वर्षांविषयीं येथें अधिक लिहिण्याचें प्रयोजन नाहीं. दोष तिचा होताच. पण ज्यांनीं तिला विकत घेतलें व ज्यानें तिला विकलें, त्यांची नांवें घेतांना इतिहास आवाज खालीं आणतो, आणि तिचें नांव घेतांना मात्र चढवितो, हा न्याय नव्हे.

सन १७६८ मध्यें राजाची दृष्टि तिच्यावर गेली. राजा त्या वेळीं अठ्ठावन्न वर्षांचा, ती पंचवीस वर्षांची. त्याची सत्त्वशील राणी मारी लेश्चिन्स्का त्याच वर्षीं जून महिन्यांत निवर्तली होती. परंतु दरबारांत उघडपणें मिरविण्यास स्त्रीला पदवी हवी, आणि पदवी मिळण्यास नवरा हवा. झां-बातीस्तला स्वतःची बायको होती, म्हणून त्यानें आपला भाऊ गियोम पुढें केला. ता. १ सप्टेंबर १७६८ रोजीं झानचें गियोमशीं लग्न लागलें. त्यासाठीं जन्माचा खोटा दाखला तयार केला. त्यांत तिला एक कुलीन बाप दिला आणि वयांतून तीन वर्षें वजा केलीं. विधि संपतांच नवरदेव निवृत्तिवेतन घेऊन तूलूझकडे चालता झाला. पवित्र विवाहसंस्काराची याहून मोठी विटंबना शोधूनहि सांपडणार नाहीं. पुढें ता. २२ एप्रिल १७६९ रोजीं व्हर्सायच्या दरबारांत तिचा रीतसर प्रवेश झाला. तिला हातीं धरून नेण्यास एकहि मानकरीण तयार होईना. शेवटीं काउंटेस द बेआर्न नांवाच्या एका वृद्धेचें कर्ज फेडून तिला राजी केलें गेलें.

तिच्या रूपाचें वर्णन समकालीनांनीं पुष्कळ केलें आहे. सोनेरी केस, अर्धवट मिटल्यासारखे निळे डोळे, गोरापान वर्ण. ती चेहऱ्याला रंग फारसा लावीत नसे, आणि दरबारी स्त्रियांच्या जाड जरतारीपेक्षां पातळ पांढरीं वस्त्रें तिला आवडत. तिच्या स्वभावांत कपट नव्हतें, हें तिच्या शत्रूंनींहि मान्य केलें आहे. श्वाझल नांवाचा बलाढ्य प्रधान तिचा उघड द्वेष करी. तो १७७० च्या अखेरीस पदच्युत झाला, आणि लोकांनीं त्याचें खापर तिच्यावर फोडलें. वास्तविक राज्यकारभारांत तिला गोडी नव्हती. तिच्या आडून देग्वियों व मोपू हे दोन मुत्सद्दी आपला डाव खेळत होते. त्याच वर्षीं ऑस्ट्रियाची राजकन्या मारी आंत्वानेत सून म्हणून आली. ती चौदा वर्षांची मुलगी या स्त्रीशीं एक शब्दहि बोलेना. राजा रुष्ट झाला, व्हिएन्नाहून आईचीं कानउघाडणीचीं पत्रें आलीं, आणि अखेर १७७२ च्या नववर्षदिनीं व्हर्सायमध्यें आज फार माणसें जमलीं आहेत, अशा अर्थाचें एकच वाक्य तिनें द्यू बारीच्या दिशेनें टाकलें. दोन राष्ट्रांचे मुत्सद्दी या एका वाक्यावर महिनोगणती खर्ची पडले होते!

पण १७७० सालीं त्याच घराण्यांत दुसरी एक गोष्ट घडली. राजाची सर्वांत धाकटी मुलगी लुईझ हिनें एप्रिल महिन्यांत एके सकाळीं राजवाडा सोडला व सेंत-देनी येथील कार्मेल मठांत, जो दारिद्र्यासाठीं प्रसिद्ध होता, ती संन्यासिनी झाली. बापाच्या आत्म्याच्या उद्धारासाठीं आपलें आयुष्य अर्पण करावें, हा तिचा हेतु होता. एकाच वाड्यांत एक स्त्री राजाच्या देहाला जवळ होती, आणि दुसरी त्याच्या आत्म्यासाठीं चार मैलांवर नव्हे, स्वर्गापर्यंत हात पोहोंचवीत होती. लुईझला पुढें १८७३ मध्यें पोपसाहेबांनीं वंदनीय म्हणून घोषित केलें.

द्यू बारीची उधळपट्टी मात्र खरी. लूव्हसिएन येथें सीन नदीच्या वरच्या टेकाडावर तिच्यासाठीं लदू नांवाच्या वास्तुशिल्पकारानें १७७१ मध्यें एक मंडप बांधिला. त्यासाठीं फ्रागोनारनें काढलेलीं प्रेमविषयक मोठालीं चित्रें तिनें नापसंत करून परत पाठविलीं; तीं आज न्यूयॉर्कच्या एका संग्रहालयांत आहेत आणि जग तीं पाहावयास जातें. बोमेर व बासांज या जवाहिऱ्यांनीं राजा तिच्यासाठीं घेईल या आशेनें हिऱ्यांचा एक हार जुळविला. किंमत १६ लाख लिव्र. राजा वारला, हार पडून राहिला, आणि १७८५ मध्यें त्याच हारानें एका कार्डिनलास तुरुंगांत घातलें व निरपराध राणीची अब्रू धुळीस मिळविली. ज्या देशांत पावासाठीं दंगे होत, त्या देशांत हें चाललें होतें.

तरी दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. पोटांतील मूल लपविल्याच्या आरोपावरून फांशीची शिक्षा झालेल्या एका खेडवळ मुलीसाठीं तिनें मोपूला पत्र लिहून तिचा जीव वांचविला. राजाच्या अंमलदारावर गोळ्या झाडल्यामुळें शिरच्छेदाची शिक्षा झालेल्या एका वृद्ध उमराव दांपत्यासाठीं ती राजापुढें गुडघे टेकून बसली आणि माफी मिळेपर्यंत उठली नाहीं. आपल्यासाठीं पहिल्यांदा मागितलेली देणगी ही दुसऱ्याच्या जीवाची असावी, याचें राजालाहि नवल वाटलें म्हणतात.

आतां एका भारतीय मुलाविषयीं लिहावयाचें आहे, आणि लेखणी येथें थोडी जड होते. बंगालमधील चितगांवाकडचें एक मूल, वय सुमारें अकरा वर्षें, गुलामांच्या व्यापाऱ्यांनीं पळवून मादागास्करमार्गें फ्रान्सला आणिलें. राजानें तें काउंटेसला भेट दिलें, जसें पोपट किंवा कुत्रें द्यावें तसें. त्याचें नांव झामोर पडलें. तिनें त्याचा बाप्तिस्मा करविला, स्वतः त्याची धर्ममाता झाली, आणि लुई-बेन्वा हें ख्रिस्ती नांव त्याला दिलें. पण बाप्तिस्म्यानें तो तिचा मुलगा झाला हें तिच्या घरानें कधींच ओळखलें नाहीं. रेशमी कपडे, पिसांचा तुरा, छत्री धरून मागें चालणें, पाहुण्यांची करमणूक करणें, हें त्याचें काम. लोक त्याला आफ्रिकन समजत. काळा तेवढा आफ्रिकन, अशी समजूत. कोणी त्याच्या गांवाचें, आईचें नांव विचारलें असेल असें दिसत नाहीं. तिनें त्याला वाचावयास शिकविलें हें मात्र खरें, आणि मोठा झाल्यावर तो रूसोचीं पुस्तकें वाचूं लागला. पोप तिसरे पॉल यांनीं १५३७ मध्येंच, नव्यानें सांपडलेल्या देशांतील लोक जरी ख्रिस्ती नसले तरी त्यांना गुलाम करूं नये, असें बजाविलें होतें. व्हर्सायच्या प्रार्थनामंदिरांत दररोज मिस्सा होई. पण हें शिक्षण दिवाणखान्यापर्यंत पोहोंचलें नाहीं. द्यू बारी त्या मुलावर माया करी, यांत शंका नाहीं. मायेनें खेळणें खेळणेंच राहतें.

एप्रिल १७७४ च्या अखेरीस राजा त्रियानों येथें आजारी पडला. त्याला व्हर्सायला आणिलें, आणि लौकरच देवी निघाल्याचें स्पष्ट झालें. चौसष्ट वर्षांच्या मनुष्यास देवी म्हणजे मरणच. त्याच्या तीन मुलींना देवी आलेल्या नव्हत्या, तरी त्या दिवसा त्याच्या उशाशीं बसून राहिल्या. रात्रीं द्यू बारी येई आणि तीहि भय न धरतां त्याची शुश्रूषा करी. आपल्या चेहऱ्यावरच जिचें सारें जग उभें होतें, त्या स्त्रीनें देवीच्या रोग्याच्या कपाळावर हात ठेवावा, ही गोष्ट तिच्या निंदकांनीं विसरूं नये.

येथें एक मोठा पेंच होता. राजाला कुमसार करून पवित्र ख्रिस्तशरीर घेऊं द्यावयाचें, तर ती स्त्री प्रथम वाड्यांतून दूर झाली पाहिजे. कारण पाप सोडण्याचा निश्चय नसेल तर पापक्षमा नाहीं, मग तो राजा असो वा भिकारी. राजानें पुष्कळ वर्षें ख्रिस्तशरीर घेतलें नव्हतें. त्याला धर्म समजत नव्हता असें नव्हे. उलट समजत होता म्हणूनच तो ढोंगानें वेदीजवळ जाण्यास धजला नाहीं. १७४४ मध्यें मेत्झ येथें तो असाच मरणाच्या दारीं होता. तेव्हां तेथें असलेल्या बिशपांनीं त्या वेळच्या प्रियेला हांकलून मगच संस्कार दिले. राजा बरा झाला आणि तिला पुन्हां घेऊन आला. आतां दरबारांत दोन तट पडले. एकाला वाटे, संस्कार लौकर व्हावे, म्हणजे ही बाई आणि तिचे प्रधान जातील. दुसऱ्याला वाटे, संस्कार लांबवावे, म्हणजे राजा बरा झाल्यास आपण तरूं. एका आत्म्याचें अनंतकाळचें हित टांगलेलें होतें, आणि भोंवतालीं माणसें आपापल्या नोकरीचा हिशेब करीत होतीं. पॅरिसचे आर्चबिशप क्रिस्तोफ द बोमों हे स्वतः दुखण्यानें जर्जर असतां आले. त्यांनाहि कांहीं दिवस स्पष्ट बोलूं दिलें नाहीं.

अखेर राजानेंच निर्णय केला. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत त्यानें तिला जवळ बोलाविलें आणि मेत्झचा प्रकार पुन्हां नको, तूं आतां जा, अशा आशयाचें सांगितलें. ती देग्वियोंच्या रुएल येथील घरीं निघून गेली. त्याच संध्याकाळीं राजानें तिची आठवण काढली. ती गेली असें कळतांच त्याच्या सुजलेल्या डोळ्यांतून पाणी वाहिलें, असें सांगतात. ता. ७ रोजीं पहाटे त्यानें आपले धर्मगुरु आबे मोदू यांना बोलावून पापनिवेदन केलें. त्यानंतर मुख्य राजधर्मगुरु कार्डिनल द ला रोश-एमों यांनीं त्याला पाथेय दिलें, आणि राजाच्या वतीनें, प्रजेला दिलेल्या वाईट उदाहरणाबद्दल तो देवाची व लोकांची क्षमा मागत आहे, असें दाराशीं जमलेल्या मंडळीस मोठ्यानें सांगितलें. ता. १० मे १७७४ रोजीं दुपारीं तीनच्या सुमारास तो वारला. देह इतका कुजला होता कीं तो घाईघाईनें रात्रीं सेंत-देनीला नेण्यांत आला. त्याच सेंत-देनीच्या मठांत त्याची लुईझ प्रार्थना करीत बसली होती.

नव्या राजाचा हुकूम ताबडतोब सुटला: द्यू बारीनें मो शहराजवळील पोंतोदाम येथील सिस्टर्सियन संन्यासिनींच्या मठांत राहावें, बाहेर जाऊं नये, कोणाला भेटूं नये. जुन्या पडक्या भिंती, ओलसर खोल्या. सोळा वर्षांनंतर मठाचें दार पुन्हां तिच्यामागें बंद झालें, या वेळीं आंतून. संन्यासिनी प्रथम भीत होत्या. जिच्याविषयीं एवढें ऐकलें ती स्त्री कशी असेल! पाहतात तों साधी, मृदु, सर्वांशीं अदबीनें वागणारी, मिस्सेस वेळेवर येणारी. सेंत-ओरचे धडे ती विसरली नव्हती. थोड्याच दिवसांत मठाधिकारिणीशीं तिची मैत्री जडली, आणि वर्षभरानें ती जावयास निघाली तेव्हां तेथें तिच्याविषयीं कोणाच्या मनांत कटुता राहिली नव्हती.

कांहीं काळ दुसरीकडे राहून ती १७७६ च्या अखेरीपर्यंत लूव्हसिएनला परतली. पुढचीं तेरा-चवदा वर्षें तिच्या आयुष्यांतील शांत वर्षें होत. पॅरिसचा गव्हर्नर ड्यूक द ब्रिसाक याच्याशीं तिचा स्नेह जडला. तोहि धर्मानें निर्दोष नव्हता, पण त्यांत लोभ किंवा लाचारी नव्हती. चित्रकर्ती व्हिजे-लब्रँ हिनें तिचीं तीन चित्रें काढलीं आणि तिच्या घरीं मुक्काम केला. टेकडीखालीं सीनचें पाणी वर चढविणारें अवाढव्य यंत्र रात्रंदिवस करकरे, त्या आवाजानें पाहुणीचा जीव मेटाकुटीस येई. या चित्रकर्तीनें लिहून ठेविलें आहे कीं, लूव्हसिएनच्या गरिबांना काउंटेस सतत मदत करी. एकदां दोघी एका बाळंतिणीच्या झोंपडींत गेल्या. पाहतात तों तिच्याजवळ कांहीं नाहीं. काउंटेसनें पाठविण्यास सांगितलेले कपडे व रस्सा नोकरांनीं पोहोंचविलाच नव्हता. घरीं परततांच ती शांत बाई एवढी संतापली कीं पाहुणीला आश्चर्य वाटलें, आणि सर्व सामान तिनें आपल्या डोळ्यांदेखत बांधून पाठविलें.

१७८९ मध्यें राज्यक्रांति झाली. ता. १० जानेवारी १७९१ च्या रात्रीं ती पॅरिसला ब्रिसाकच्या घरीं असतां लूव्हसिएनला चोरी होऊन तिचे जवाहीर गेलें. तें परत मिळावें म्हणून तिनें जाहिरात छापून भिंतींवर लावली. त्यांत एकेक हिरा, एकेक मोतीं नोंदलेलें. उपाशी शहराला तिच्या संपत्तीची यादी तिनें स्वतःच्या हातानें वाचावयास दिली. चोर लंडनमध्यें सांपडले, आणि त्या कामासाठीं तिनें दोन वर्षांत चार वेळां इंग्लंडची वाट तुडविली. परागंदा झालेल्या सरदारांस व धर्मगुरूंस तेथें तिनें पैशाची मदत केली, असा पुढें तिच्यावर आरोप आला. दरम्यान ता. ९ सप्टेंबर १७९२ रोजीं ब्रिसाक व इतर कैद्यांना व्हर्साय येथें जमावानें कापून काढलें, आणि ब्रिसाकचें मस्तक लूव्हसिएनला आणून तिच्या खिडकींतून आंत फेकलें. तरी ती तेथेंच राहिली. १७९३ च्या जानेवारींत राजाचा वध झाला तेव्हां ती लंडनमध्यें होती आणि तिनें उघडपणें सुतक पाळलें. स्नेह्यांनीं परोपरीनें विनविलें, परत जाऊं नकोस. मार्च महिन्यांत ती परत गेली. आपण कोणाचें वाईट केलें नाहीं, मग आपलें कोण वाईट करील, असा तिचा समज असावा.

लूव्हसिएनच्या क्रांतिसमितींत आतां ग्रीव्ह नांवाचा एक इंग्रज प्रमुख झाला होता आणि त्याच्याबरोबर होता झामोर. तीस वर्षांचा झालेला हा मनुष्य धर्ममातेच्या घरीं राहून समितीस बातम्या पुरवीत असे. तें कळतांच तिनें त्याला घराबाहेर काढलें. गांवकऱ्यांनीं एकदां अर्ज करून तिला सोडविलें, कारण तिच्या हातचें अन्न त्यांनीं खाल्लें होतें. पण ग्रीव्ह हटला नाहीं. सप्टेंबर १७९३ मध्यें तिला अटक होऊन सेंत-पेलाजीच्या तुरुंगांत टाकण्यांत आलें. ही इमारतहि पूर्वी पश्चात्तापी स्त्रियांच्या आश्रमासाठीं बांधिलेली, आणि नांव संत पेलाजियाचें: अंत्युखियाची ती रूपवती, जी रत्नांनीं मढून रस्त्यानें जात असतां बिशपांच्या दृष्टीस पडली व पुढें सर्व सोडून तपस्विनी झाली. तुरुंगाच्या पहारेकऱ्यांना ही कथा ठाऊक नसावी.

डिसेंबर महिन्याच्या ६ व ७ या तारखांस खटला चालला. सरकारी वकील फुकिए-तँव्हील. राष्ट्राचा खजिना लुटला, शत्रूंशीं संधान बांधिलें, लंडनमध्यें जुलमी राजाचें सुतक पाळलें, असे आरोप. झामोर साक्षीस उभा राहिला. जन्मस्थान बंगाल, असें त्यानें सांगितलें. आपल्या देशाचें नांव त्याच्या तोंडून असें कागदावर उतरलें. तिनें त्याचें काय वाईट केलें? मारलें नाहीं, उपाशी ठेविलें नाहीं. पण त्याच्या मनांत काय सांचत गेलें असेल, हें चितगांवच्या किनाऱ्यावरून पाहिल्यास कळण्यासारखें आहे. त्याचा सूड आम्हांस मान्य नाहीं; त्याचें दुःखहि आम्ही नाकारूं शकत नाहीं.

शिक्षा मृत्यूची झाली. तिच्याबरोबर तिचे सावकार व्हांदेनिव्हेर व त्यांचे दोन मुलगे यांनाहि तीच शिक्षा. ता. ८ रोजीं सकाळीं कॉन्सिएर्जरीच्या तुरुंगांत ती अधिकाऱ्यांस आंत बोलावून बसली आणि बागेंत, तळघरांत, नोकरांकडे कोठें कोठें काय पुरलें व लपविलें आहे, तें एकामागून एक सांगूं लागली. सोन्याचीं भांडीं, माणकें, पाचू, मोहरा. प्रत्येक वस्तूबरोबर आपण आयुष्याचा एक तास विकत घेत आहों अशी तिची समजूत. अधिकाऱ्यांनीं सर्व लिहून घेतलें, सही घेतली, आणि गाडी दाराशीं आणिली.

हिवाळ्याची संध्याकाळ लौकर पडते. वधस्थानाकडे जातांना ती वाटभर रडत होती, लोकांना हांका मारीत होती, आणि शेवटीं जल्लादाजवळ क्षणभराची भीक मागत होती. त्या वर्षीं शेंकडों थोर स्त्रीपुरुष त्या पायऱ्या ताठ मानेनें चढले, म्हणून लोकांनीं हिला भित्री ठरविलें. आपण लगेच कोंपियेन्यच्या कार्मेल मठांतील त्या सोळा जणींची आठवण काढतों, ज्या पुढच्याच वर्षीं, ता. १७ जुलै १७९४ रोजीं, देवाची स्तोत्रें गात एकामागून एक वर चढल्या आणि ज्यांना पोप फ्रान्सिस यांनीं २०२४ च्या डिसेंबरांत संतपद दिलें. ती तुलना करण्याचा मोह होतो, पण ती न्याय्य नाहीं. त्यांनीं दोन वर्षें रोज आपलें मरण देवाला वाहिलें होतें. हिनें आयुष्यभर फक्त जगणें शिकलें होतें. आणि व्हिजे-लब्रँ हिनें पुढें लिहिलें तें विचार करण्यासारखें आहे: इतर सर्वजण एवढ्या धैर्यानें मेले म्हणूनच जमावाला मरणाचें गांभीर्य कळलें नाहीं; या एका बाईच्या आक्रोशानें मात्र बघ्यांचीं मनें हललीं, आणि सगळेच असे ओरडले असते तर तो रक्तपात लौकर थांबला असता. गेथसेमनीच्या बागेंत स्वतः प्रभूलाहि मरणाची भीति शिवली होती. भिणें हें पाप असतें तर ती त्याला शिवली नसती. तिचें वय पन्नास वर्षांचें होतें.

झामोरलाहि तिच्या घरचा म्हणून संशयावरून थोड्याच दिवसांत तुरुंग दिसला. सुटल्यावर तो देशोधडीस लागला; १८१५ नंतर पॅरिसला परत आला आणि एका अरुंद गल्लींत मुलांना शिकवून कसाबसा जगला. फेब्रुवारी १८२० मध्यें तो दारिद्र्यांत वारला. त्याच्या शवामागें कोणी चाललें नाहीं.

काउंटेसचें प्रेत मादलेनच्या स्मशानांतील खड्ड्यांत टाकलें होतें. त्याच जागीं सोळावा लुई आणि जी तिच्याशीं बोलेना ती मारी आंत्वानेत यांचेंहि दफन झालेलें. १८१५ च्या जानेवारींत राजाराणीच्या अस्थि शोधून काढून सेंत-देनीला सन्मानानें नेल्या, आणि त्या जागेवर पापक्षालनासाठीं एक प्रार्थनामंदिर बांधिलें. तें अद्यापि उभें आहे. द्यू बारीच्या अस्थींचा शोध कोणी केला नाहीं. पण त्या मंदिरांत तेथें पुरलेल्या सर्वांच्या आत्म्यांस शांति मिळावी म्हणून मिस्सा अर्पण होऊं लागली, तेव्हां त्या सर्वांत व्होकूलरची झानहि होतीच.